रिकामी काडेपेटी : लहान मुलांना ईस्टर शिकवताना

दरवर्षी गुड फ्रायडेला हॉस्टेलमधला कोणी ना कोणी मित्र मला अगदी मनापासून "हॅपी गुड फ्रायडे" म्हणतो. मला राग येत नाही. नावात 'गुड' आहे आणि त्या दिवशी सुट्टीही असते, मग दिवस आनंदाचाच असणार, असे कोणालाही वाटेल. खरे तर येशू ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळले तो हा दिवस. मराठी ख्रिस्ती लोक त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, येशू मरणातून पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. तो रविवार म्हणजे ईस्टर, पुनरुत्थानाचा सण. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार ईस्टरचा धरतात. म्हणून त्याची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान बदलत राहते.

मोठ्यांना एवढे सांगितले की कळते. पण चार ते सात वर्षांच्या मुलांना हे कसे सांगायचे? हा प्रश्न वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीत माझ्यासमोर आला. ईस्टरचा आठवडा त्याच सुट्टीत होता आणि आमच्या चर्चच्या संडे स्कूलमधल्या बाईंनी मला मदतीला बोलावले.

पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीप्रमाणे मुलांना रांगेत बसवले, ताठ उभा राहिलो आणि संपूर्ण गोष्ट सांगून टाकली. पाच मिनिटांत एक जण झोपला आणि दोघे एकमेकांच्या चपला लपवू लागले. बाई हसून म्हणाल्या, "अरे, ही काय परेड आहे का? त्यांच्या हातांना काहीतरी काम दे." पुढचा आठवडाभर आम्ही रोज संध्याकाळी एक तास जे केले, ते इथे क्रमाने देत आहे.

१. परातीतली बाग

साहित्य : जुनी परात किंवा पसरट ताटली, माती, नारळाची अर्धी करवंटी, एक चपटा दगड, मोहरी किंवा मेथी, आइस्क्रीमच्या काड्या, सुतळी, पांढऱ्या कापडाचा तुकडा.

येशूला वधस्तंभावर दिले त्या जागेजवळ एक बाग होती आणि बागेत नवी कबर होती, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणून परातीत ओली माती पसरायची आणि एका बाजूला करवंटी आडवी पुरायची. ती कबर. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, भिजवलेले बी पेरायचे. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि पुढच्या रविवारपर्यंत परात हिरवी होते. आमच्याकडे ऊन कडक असते, म्हणून परात सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे लागते.

एका मुलाच्या परातीत काहीच उगवले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की तो रोज बोटाने माती उकरून "उगवलं का" ते बघत होता. बाई त्याला रागावल्या नाहीत. जमिनीत पडलेल्या गव्हाच्या दाण्याचा जो दाखला येशूने दिला आहे, तो त्यांनी तिथेच सांगितला. दाणा मातीत दिसेनासा होतो, पण त्याचे काम चालू असते. आपण फक्त थांबायचे असते.

शुक्रवारी काड्या सुतळीने बांधून मुलांनी तीन क्रूस उभे केले. करवंटीत पांढरे कापड ठेवले आणि तोंडाशी दगड लावला. कबरेवर पहारा बसवला होता, असे मत्तय सांगतो. त्यामुळे दोन मुले लगेच संत्री झाली आणि "थांब, कोण आहे?" असे ओरडू लागली. (हे त्यांना मीच शिकवले होते.) शनिवारी मात्र दगडाला हात लावायचा नाही. तो यहुद्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. येशूच्या मागे आलेल्या स्त्रियाही त्या दिवशी थांबल्या होत्या. मला आधी वाटले होते, की मुलांना दुःखाचा भाग कशाला, सरळ आनंदाच्या रविवारावर जावे. पण बंद दगड ज्याने पाहिलाच नाही, त्याला उघडी कबर पाहून आनंद कसा होणार?

२. सात काडेपेट्या

परदेशातल्या काही चर्चमध्ये हा धडा बारा प्लॅस्टिकच्या अंड्यांतून शिकवतात. प्रत्येक अंड्यात एक वस्तू असते आणि बारावे अंडे रिकामे असते. आम्ही रिकाम्या काडेपेट्या घेतल्या, त्यांना रंगीत कागद चिकटवला आणि आकडे घातले. पहिलीत झावळीचा तुकडा (येशूचे यरुशलेमेत स्वागत), दुसरीत नाणे (यहूदाने घेतलेली चांदीची तीस नाणी), तिसरीत भाकरीचा तुकडा (शेवटचे भोजन), चौथीत टोक मोडलेला बाभळीचा काटा (काट्यांचा मुकुट), पाचवीत खिळा, सहावीत पांढरे कापड. सातवी रिकामी. काटा आणि खिळा मोठ्यांनीच हातात धरून दाखवावा.

रविवारी मुलांनी एकेक पेटी उघडली आणि जमेल तशी गोष्ट सांगितली. सातवी पेटी एका चार वर्षांच्या मुलीकडे आली. तिने ती उघडली, उलटी करून झटकली आणि तिचा ओठ थरथरला. "माझ्यात काहीच नाही!" माझा हात खिशातल्या चॉकलेटकडे गेला, पण बाईंनी मला नजरेनेच थांबवले. त्या तिच्याजवळ बसल्या.

"ही पेटी म्हणजे कबर. मग आत कोण असायला हवं होतं?"

"येशू."

"मग तो कुठे गेला?"

तिने पेटीत पुन्हा डोकावून पाहिले. मग एकदम म्हणाली, "बाहेर!"

त्यानंतर सगळ्यांना तीच पेटी हवी होती. मी चॉकलेट दिले असते, तर धडा तिथेच संपला असता.

३. कांद्याच्या सालींनी रंगवलेली अंडी

हे शनिवारचे काम. आठ-दहा कांद्यांच्या कोरड्या साली पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळायच्या, चमचाभर व्हिनेगर घालायचे आणि त्यात अंडी उकडायची. छान तांबूस रंग चढतो. गॅसजवळ मोठ्यांनीच उभे राहावे आणि अंडी रात्री फ्रिजमध्ये ठेवावीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरची अंडी लाल रंगवतात. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा आणि कवच फुटणे म्हणजे कबर उघडणे. ज्यांच्या घरी अंडी चालत नाहीत, त्यांनी पुठ्ठ्याची करावीत. ससा आणि चॉकलेट गमतीसाठी ठीक आहेत, पण शुभवर्तमानात ते कुठेही नाहीत, हे मुलांना सांगावे.

एक अवघड प्रश्न

शुक्रवारी दगड लावताना एक पाच वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "दादा, माझ्या आजोबांवर पण असाच दगड ठेवलाय. तो कधी सरकणार?" त्याचे आजोबा नाताळच्या सुमारास गेले होते. मला उत्तर सुचले नाही.

बाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. "आजोबांची आठवण येते ना? मलाही येते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सरळ सांगितले, की आजोबा या रविवारी घरी येणार नाहीत. पण येशू उठला, म्हणून आजोबा देवाजवळ सुरक्षित आहेत आणि एक दिवस आपण सगळे भेटू, असा आपला विश्वास आहे. खोटा धीर त्यांनी दिला नाही आणि प्रश्न टाळलाही नाही. शिकवणाऱ्याने हाती घेण्याच्या सगळ्या साहित्यात हे मला सर्वांत कठीण वाटते.

मुलाने थोडा वेळ विचार केला. मग चिमूटभर मोहरी घेऊन त्याने करवंटीच्या बाजूला वेगळी पेरली. "ही आजोबांची," म्हणाला.

रविवारी सकाळी मुले येण्याआधी आम्ही दगड बाजूला सरकवून कापडाची घडी करून ठेवली होती. "दगड कोणी सरकवला?" असे मुलांनी विचारले तेव्हा बाईंनी खरे सांगितले, "या परातीतला मी. त्या सकाळी मात्र दगड कोण सरकवणार, असा प्रश्न स्त्रियांनाही पडला होता." सगळ्या पराती हिरव्या दिसत होत्या. आजोबांची मोहरी तेवढी अजून वर आली नव्हती. तो मुलगा रडला नाही. त्याने परात दोन्ही हातांनी उचलली आणि पाणी घालायला घरी घेऊन गेला.