पारशी लोकांचा पवित्र अग्नी

आगपेटी घरोघर नव्हती, तेव्हाची गोष्ट आठवा. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत. सकाळी राख सारली की लाल निखारा निघे. एखाद्या घरी तो विझला, तर बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जाई. "इस्तो द्या हो माय," असे म्हणे.

असाच एक विस्तव एका समाजाने शेकडो वर्षे जपला आहे. तो समाज म्हणजे पारशी.

पारशी आपल्याला अगदी परके नाहीत. नागपूरची एम्प्रेस मिल पुष्कळांनी ऐकली असेल. कापसाचा मुलूख जवळ, म्हणून जमशेटजी टाटांनी ती १८७७ साली तेथे काढली. आता ती बंद आहे. जमशेटजी पारशी होते. नवसारीच्या धर्मगुरूंच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला.

पारशांचा मूळ देश इराण. तेथे फार प्राचीन काळी जरथुष्ट्र नावाचे धर्मसंस्थापक होऊन गेले. त्याला तीन हजार वर्षे झाली असावीत, असे पुष्कळ विद्वान मानतात. जरथुष्ट्रांनी सांगितले की, अहुर मज्द हाच थोर देव. जगात सत्य आणि असत्य यांची लढाई चालू आहे. आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. चांगला विचार, चांगली वाणी, चांगली करणी, ही त्यांची शिकवण. शेत पिकवणे हेही या धर्मात पुण्याचे काम आहे. उपास करून अंग वाळवणे मात्र त्यात बसत नाही.

सुमारे २४५० वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाच्या ग्रीक माणसाने इराणी लोकांविषयी लिहून ठेवले आहे. ते लोक खोटे बोलणे सर्वांत लाजिरवाणे मानीत. त्याच्या खालोखाल कर्ज. का, तर कर्जदाराला खोटे बोलावेच लागते! सावकाराच्या दारात जो उभा राहिला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

पारशी विस्तवाची पूजा करतात, असे लोक म्हणतात. मीही शाळेत मुलांना तेवढेच सांगत असे. ते अपुरे होते. अग्नी ही देवाच्या प्रकाशाची खूण आहे. आपण दिव्याला हात जोडतो, ते काय तेलाला आणि वातीला?

त्यांचा सर्वांत श्रेष्ठ अग्नी सोळा ठिकाणचा विस्तव आणून सिद्ध करतात. कुंभाराच्या भट्टीतला, लोहाराच्या भात्यापुढचा, सोनाराचा, मेंढपाळाचा. वीज पडून पेटलेला. चितेतलासुद्धा! तो सगळा मंत्रांनी शुद्ध करून एक करतात.

इराणवर अरबांचे राज्य आले. शेवटचा इराणी बादशहा यझ्दगर्द ६५१ साली मारला गेला. पुढे धर्म राखण्यासाठी काही लोक गलबतांत बसून गुजरातेत संजाणला उतरले. तेथे त्यांनी अग्नी स्थापन केला. त्याला इराणशहा म्हणतात. राजा गेला, तेव्हा अग्नीलाच राजा मानले.

काही शतकांनी संजाणवर सुलतानाची फौज आली. तेव्हा पारशांनी अग्नी उचलून बहरोटच्या डोंगरावर नेला. हा डोंगर आपल्या महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात, गुजरातच्या शिवेजवळ आहे. तेथील लेण्यात त्यांनी अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला, असे पारशी सांगतात. विचार करा, बारा पावसाळे! वाळलेले लाकूड डोंगरावर चढवायचे, आणि धूर तर दिसू द्यायचा नाही.

पुढे अग्नी बांसदा, नवसारी असा फिरला. १७४२ पासून तो गुजरातेत उदवाड्याला आहे.

२०११ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात पारशी ५७,२६४ भरले. एकट्या वाशीम शहराची वस्ती त्याहून जास्त आहे. धर्मगुरूचे काम त्यांच्यात घराण्याने चालते. मुले दुसऱ्या धंद्यात गेली, तर अग्नीजवळ कोण बसणार, ही काळजी त्यांना आहे. आज मात्र उदवाड्याला धर्मगुरू दिवसरात्रीतून पाच वेळा अग्नीला लाकूड घालतात. आपला श्वास त्याला लागू नये, म्हणून तोंडावर पांढरे फडके बांधतात.