चर्चगेटचे चर्च



चर्चगेटला नाव मिळाले ते फोर्टमधील सेंट थॉमस चर्चमुळे. किल्ल्याचा एक दरवाजा त्या चर्चकडे जाई. सतराव्या शतकात गव्हर्नर ऑंजियर यांनी चर्चचे काम सुरू केले, पण ते थांबले. चाळीसेक वर्षे नुसत्या भिंती उभ्या होत्या.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हे अँग्लिकन धर्मगुरू मुंबईला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रवचनातून लोकांना मदतीची हाक दिली. १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. थोड्याच काळात कॉब मायदेशी परतले. १८३७ मध्ये त्या चर्चचे कॅथेड्रल झाले; ते पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

अर्धवट भिंती पाहून दोष कोणाचा, हे विचारणे सोपे. या आठवड्यात दुसऱ्याने अर्धवट सोडलेले एक सत्कार्य आपण हाती घेऊ या.

आपला,
धर्मगुरू