दृष्टिपटलाच्या आनुवंशिक रोगाचा माग

रातांधळेपणा म्हटला की आपल्याकडे प्रथम ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव आठवतो, आणि ते योग्यच आहे. तो अभाव औषधाने भरून निघतो. परंतु काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणारा रातांधळेपणा निराळा. ‘रेटिनायटिस पिग्मेंटोझा’ या रोगात दृष्टिपटलातील दंडपेशी हळूहळू नष्ट होतात. आधी अंधारात दिसेनासे होते, मग दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकसत जाते.

त्याचे एक कारण कसे सापडले, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील पीटर हम्फ्रीज यांच्या गटाने एका मोठ्या आयरिश कुटुंबाचा अभ्यास केला. तेथे बाधित माता किंवा पित्याकडून सरासरी निम्म्या अपत्यांकडे रोग उतरत होता. गुणसूत्रांवरील कोणत्या खुणा रोगासोबतच उतरतात, हे ताडून पाहता १९८९ मध्ये ती जागा तिसऱ्या गुणसूत्रावर निघाली. ऱ्होडॉप्सिन या दंडपेशींतील प्रकाशग्राही प्रथिनाचे जनुकही त्याच गुणसूत्रावर असल्याचे आधीच ज्ञात होते. साहजिकच संशय तेथे गेला.

१९९० मध्ये अमेरिकेतील बोस्टनचे थाडियस ड्रायजा व त्यांचे सहकारी यांनी परस्परांशी नाते नसलेल्या १४८ रुग्णांत याचा शोध घेतला. १७ जणांच्या ऱ्होडॉप्सिन जनुकात एकच अक्षर बदललेले आढळले. तेवढ्याने ३४८ अमिनो आम्लांच्या साखळीत तेविसाव्या स्थानी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन येते. १०२ निरोगी व्यक्तींपैकी एकातही हा बदल नव्हता. आमच्या मते ही शेवटची तपासणीच निर्णायक. तिच्यावाचून तो बदल केवळ संशयित राहिला असता. अर्थात उरलेल्या १३१ जणांसाठी शोध चालूच राहिला. आज दृष्टिपटलाच्या आनुवंशिक रोगांशी निगडित अडीचशेहून अधिक जनुके ज्ञात आहेत.

त्यांतील अनेक रोग अप्रभावी पद्धतीने उतरतात. आईवडील दोघांची दृष्टी उत्तम असते, पण दोघांकडून सदोष प्रत आल्यास मूल बाधित होते. मामेबहीण-आतेभाऊ अशा विवाहांत ही शक्यता वाढते. असे मूल जन्मले की बोल आईलाच लावला जातो. तो सर्वथा निराधार आहे.

नेमके जनुक कळण्याने काय साधते? २०१७ मध्ये अमेरिकेत ‘लक्सटर्ना’ या जनुकोपचारास मान्यता मिळाली. तो केवळ आरपीई६५ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असणाऱ्यांसाठी आहे, आणि दृष्टिपटलात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तरच देता येतो. म्हणून मूल सायंकाळी अडखळू लागले, तर त्यास धांदरट न ठरवता नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, आणि घरातील तीन पिढ्यांच्या दृष्टीविषयी जे ठाऊक असेल ते सांगावे.