दुसरं अर्धुकं

संकष्टीच्या खिचडीसाठी भाजलेले दाणे चोळून मी सुपात पाखडत होते. शेजारी सतरंजीवर अकरा महिन्यांचा नातू. एखादा दाणा उडतोच. तो त्याच्या तोंडात कधी गेला, ते मला कळलं नाही.

आधी ठसका लागला. मी सवयीने टाळूवर थापटलं, "वर बघ, चिमणी उडाली" म्हटलं. ठसका थांबला आणि मला वाटलं, चला, गेला दाणा. बघते तर तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, रडायचा सगळा आव आहे पण आवाज नाही. ओठ जांभळे पडत चाललेले.

मग मी त्याच्या घशात बोट घातलं. काहीतरी गुळगुळीत लागलं आणि आत सरकलं. ते सरकणं माझ्या बोटाला अजून आठवतं. तोंडात वस्तू समोर दिसत असेल तरच ती काढायची, नुसतं चाचपडायचं नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

"आई, बोट काढा!" सून ओरडली. कंपनीतल्या प्रथमोपचाराच्या वर्गात ती बाहुलीवर शिकली होती. तिने बाळाला हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत पालथं घेतलं. डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांत, गळा मोकळा. मग दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच जोरकस थापा. मी हळूच थापटते तशा नव्हेत; मला तर ती मारतेय असं वाटलं. काही निघालं नाही. उताणं केलं, डोकं खालीच, आणि छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबलं. ती दोन बोटांनी शिकली होती. 2025 च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांत एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरायला सांगितलंय. दुसऱ्या फेरीत चौथ्या थापेला सतरंजीवर लाळेत माखलेलं काहीतरी पडलं आणि पोरगं भोकाड पसरून रडलं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याहून मोठ्या मुलाला पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच हिसके, आणि पुन्हा थापा. मूल खोकतंय, रडतंय तोवर त्याला खोकू द्यावं. आवाज गेला की हात चालवायचे आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगायचं. मूल निपचित पडलं तर कडक जमिनीवर उताणं ठेवून सीपीआर. पाणी पाजू नये, पाय धरून उलटं टांगू नये.

आमची खरी चूक मात्र नंतरची. सतरंजीवर पडलं होतं ते दाण्याचं अर्धुकं होतं. एक बाजू सपाट, कोंब तसाच. दुसरं अर्धुकं कुठे, हे आम्हा दोघींपैकी कुणीही विचारलं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या श्वासाला शिट्टी वाजायला लागली. मी सर्दी समजून ओव्याची पुरचुंडी शेकत बसले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पहिला प्रश्न केला, "काही खाताना ठसका लागला होता का?" दाणा एक्स-रेत दिसत नाही. उजवीकडची श्वासनळी रुंद आणि सरळ, म्हणून तिकडे तो सहसा जातो, आणि ओलीने फुगतो. भूल देऊन, दुर्बिणीने काढावा लागला.

आता चार वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे नाहीत. द्राक्ष उभं चिरून चार फोडी. सीताफळाच्या बिया, चिंचोके, फुगे पोरांच्या हाती नाहीत. दाणे मी तो झोपल्यावर, ओट्यावरच सोलते, आणि मिक्सरचं झाकण लागेपर्यंत दाराला कडी. सून हसते. परवा ओट्याखाली झाडताना एक अर्धुकं सापडलं. दुसरं सापडेपर्यंत मी कंबर सरळ केली नाही.