दुखण्यापूर्वीची साठवण

"निरोगी मनुष्याने पथ्य कशास पाळावे? दुखणे येईल तेव्हा औषध घेऊ," असे बोलणे खेड्यापाड्यांतून पुष्कळदा ऐकू येते. हे बोलणे कितपत खरे आहे, याचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

पाऊस कोणत्या वर्षी दगा देईल हे शेतकऱ्यास ठाऊक नसते. म्हणूनच तो सुगीत कणगी भरून ठेवितो. दुष्काळ पडल्यावर कणगी विणावयास बसणे व्यर्थ होय. शरीराचेही असेच आहे. मोठे दुखणे सांगून येत नाही. ते आले म्हणजे शरीराचा खर्च वाढतो, अन्नावरची वासना उडते, आणि शरीर आपलेच मांस झिजवून तो खर्च भागविते. पूर्वीची शिल्लक असेल तर औषधाचा गुण येईपर्यंत मनुष्य तग धरितो. ती नसेल तर चांगले औषधही अपुरे पडते.

१. अन्नाची शिल्लक. झारखंड राज्यात २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरोग्यांस औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी व तेल देण्यात आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा ५ ने वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका शेकडा ६१ कमी आढळला. वजन वाढणे हे औषध लागू पडल्याचेही चिन्ह असते, हे खरे. परंतु रोग्यांच्या घरच्या माणसांविषयीचा अनुभव अधिक स्पष्ट आहे. त्यांचे दोन गट करून एका गटास जादा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे दिली; त्या गटात नव्याने होणारा क्षय शेकडा ३९ कमी झाला. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. भाकरीबरोबरची रोजची डाळ किती मोलाची आहे, हे यावरून कळते.

२. श्रमाची शिल्लक. अमेरिकेतील डॅलस शहरी १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे बिछान्यात पडून राहावयास सांगितले. तेवढ्यात त्यांची श्रम करण्याची शक्ती चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची परीक्षा केली, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीहून कमी ठरली! ज्याच्या पायांत आधीच बळ नाही, त्याने बिछान्यात काय गमवावे? म्हणून शिक्षक, दुकानदार, आणि जवळच्या वाडीसही फटफटीवरून जाणारा उपदेशक, या सर्वांनी रोज झपाट्याने चालावे. आणि दुखण्यातून उठताना डॉक्टर परवानगी देतील तितक्या लवकर पाय जमिनीस लावावे.

३. कणगीस लागलेले उंदीर. विडी, तंबाखू, मिश्री व दारू ही साठवण गुपचूप खातात. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे चार आठवडे धूम्रपान सोडल्यास नंतरचे उपद्रव कमी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. परंतु बैलगाडी उलटून मोडलेला पाय किंवा पोटात एकाएकी उठलेली कळ चार आठवड्यांची सूचना देत नाही. सोडावयाचे तर ते आजच सोडिले पाहिजे. रक्तदाब व मधुमेह हेही असेच छुपे उंदीर होत. २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा मधुमेही व अतिस्थूल माणसांचे दुखणे अधिक बळावत असे, हे सर्वत्र दिसून आले. त्यांपैकी कित्येकांस आपणांस मधुमेह आहे हे आधी ठाऊकही नव्हते. याकरिता तिशी उलटलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी करून घ्यावी.

येथे दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली ही की, भरलेली कणगीही कधी पुरात वाहून जाते. पथ्याने राहणाऱ्यासही कर्करोग होतो, तरुणासही हृदयविकार गाठतो. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून "तू काय केलेस म्हणून हे झाले?" असे विचारणे निर्दयपणाचे आहे. पुष्कळांची कणगी आळसाने नव्हे, तर दारिद्र्याने रिकामी असते. क्षयरोग्यांस आहारासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. ती मिळवून देण्यास शेजाऱ्याने हातभार लावावा. दुसरी गोष्ट ही की, साठवण म्हणजे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. छातीत दाब येऊन घाम सुटला, अथवा तोंड वाकडे होऊन हात लुळा पडला, तर एक घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. अंगात बळ आहे म्हणून घरी थांबणारा आपली शिल्लक व्यर्थ उधळितो.

कणगी एका दिवसात भरत नाही. रोजच्या पायलीपायलीने भरते. तेव्हा आजची पायली आजच टाकावी.

पाठावरील प्रश्न.
१. तापात शरीर आपला खर्च कशातून भागविते?
२. झारखंडातील कोणता अनुभव आपल्या घरच्या जेवणास लागू पडतो?
३. आपल्या वस्तीत कोणाची कणगी रिकामी आहे, आणि ती भरण्यास आपण या आठवड्यात काय करू शकू?