ग्राफिक्स आणि व्हिजन शिकताना पाय कुठे घसरतो

संगणक ग्राफिक्समध्ये वस्तूचा आकार, दिव्यांची जागा आणि कॅमेऱ्याचा रोख आधीच ठाऊक असतो. त्यावरून चित्र तयार करायचे असते. कॉम्प्युटर व्हिजनमध्ये चित्र हाती असते आणि त्यामागचा आकार, प्रकाश, कॅमेरा शोधायचा असतो. गणित बरेचसे तेच, दिशा उलटी. उलट्या दिशेला मात्र उत्तरे अनेक निघतात: जवळची लहान वस्तू आणि लांबची मोठी वस्तू फोटोत सारखीच दिसू शकते, आणि खरी कोणती हे त्या एका फोटोच्या भूमितीवरून ठरत नाही.

दोन्हीकडे अडखळण्याचे पहिले ठिकाण म्हणजे मॅट्रिक्स. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी आयगेन व्हॅल्यू काढून मार्क मिळवलेले असतात. पण मॅट्रिक्स बिंदूला फिरवते, ताणते, ही जाण आलेली नसते. मग त्रिमितीतल्या बिंदूसाठी 4 बाय 4 मॅट्रिक्स कशाला, असा प्रश्न पडतो. 3 बाय 3 मॅट्रिक्स आरंभबिंदूला जागचा हलवू शकत नाही, म्हणून चौथा निर्देशक जोडावा लागतो. गुणाकाराचा क्रम उलटला की स्वतःभोवती फिरायची वस्तू आरंभबिंदूभोवती घिरट्या घालू लागते. कागदावर दोन-तीन उदाहरणे सोडवली की हे उमगते. लायब्ररीची फंक्शने पाठ करून नाही.

त्याहून जास्त छळतात ते अक्षांचे आणि रंगांचे संकेत. ग्राफिक्सच्या ओपनजीएलमध्ये परंपरेने कॅमेरा ऋण झेड दिशेला पाहतो आणि वाय अक्ष वर जातो. व्हिजनच्या ओपनसीव्ही लायब्ररीत कॅमेरा धन झेडकडे पाहतो आणि वाय खाली जातो. ओपनसीव्ही रंगही निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवते, त्यामुळे तीच प्रतिमा मॅटप्लॉटलिबने दाखवली की चेहरे निळे पडतात. निळा चेहरा निदान लगेच खुपतो. उलटा अक्ष एकही एरर न देता दिवसच्या दिवस खातो. अनेक फोटोंवरून दृश्य उभारणाऱ्या, 2020 मध्ये आलेल्या नर्फ पद्धतीतही हाच घोळ होतो: फोटोंवरून कॅमेऱ्यांची जागा शोधणाऱ्या कोलमॅपने काढलेल्या कॅमेऱ्यांचे अक्ष एका पद्धतीचे, नर्फच्या मूळ कोडचे दुसऱ्या. रूपांतर राहून गेले की दृश्याऐवजी नुसते धुके मिळते. कोणत्याही प्रोजेक्टच्या वहीत पहिल्या पानावर अक्ष काढून ठेवावेत.

प्रकाशाचा हिशेबही असाच फसवा. 0 ते 255 मधला 128 हा आकडा निम्म्या प्रकाशाचा वाटतो. प्रत्यक्षात एसआरजीबी प्रतिमेत तो जेमतेम 22 टक्के असतो. साठवलेले आकडे तसेच बेरजेला घेतले की छटा बिघडतात, आणि विद्यार्थी दोष दिव्यांच्या सूत्रात शोधत बसतो.

व्हिजनला कमी लेखण्याची परंपरा जुनी आहे. 1966 मध्ये एमआयटीत सिमोर पॅपर्ट यांनी दृष्टी-यंत्रणेचा मोठा भाग एका उन्हाळ्यात उभारण्याचा प्रकल्प मांडला होता. 2012 च्या अलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कनंतर मोह वेगळा झाला: तयार नेटवर्क उतरवायचे, आपला डेटा द्यायचा आणि अचूकतेचा आकडा अहवालात टाकायचा. एकाच व्हिडिओच्या लागोपाठच्या फ्रेम प्रशिक्षणात आणि चाचणीतही आल्या असतील, तर त्या आकड्याला काडीची किंमत नाही. विभागणी व्हिडिओनुसार करावी, फ्रेमनुसार नव्हे. चेहरा ओळखून हजेरी घेणारे प्रोजेक्ट कॉलेजोकॉलेजी होतात. त्यांतले बरेच इथेच कोसळतात.

त्यापेक्षा दोन लहान कामे जास्त शिकवतात. एक, गोल आणि आरसे दाखवणारा छोटा रे ट्रेसर, टर्नर व्हिटेड यांनी 1980 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा. दुसरे, दोन फोटो जोडणारा पॅनोरमा. त्याला लागणारी होमोग्राफी, म्हणजे एका फोटोतले बिंदू दुसऱ्यावर बसवणारी मॅट्रिक्स, बिंदूंच्या 4 जोड्यांवरून निघते, फक्त त्यांतले कोणतेही 3 बिंदू एका रेषेत नकोत; चुकीच्या जोड्या रॅन्सॅक ही पद्धत गाळते. फोटो चालत चालत काढले तर जवळचा खांब दुहेरी दिसतो, कारण कॅमेरा जागीच फिरला असेल किंवा दृश्य सपाट असेल, तेव्हाच होमोग्राफी पुरते. हा दुहेरी खांब एकदा स्वतःच्या चित्रात पाहिलेल्याला दोन कॅमेऱ्यांची भूमिती वेगळी समजावावी लागत नाही.

बऱ्याच विद्यापीठांत हे दोन वेगवेगळे ऐच्छिक विषय असतात. दोन्ही एका सत्रात बसत नसतील, तर ग्राफिक्स आधी घ्यावे: प्रोजेक्शन मॅट्रिक्स स्वतः लिहिलेल्याला कॅमेरा कॅलिब्रेशनचा धडा निम्म्या वेळात उलगडतो.