यहुद्यांची भोजनगीते

शुक्रवारचा सूर्य मावळतीकडे झुकला, की यहुदी घरांत लगबग सुरू होते. स्वयंपाक आटोपलेला असतो, घर झाडूनपुसून लख्ख केलेले असते. मेजावर पांढरी शुभ्र चादर अंथरतात. तिच्यावर द्राक्षरसाचा पेला आणि वस्त्राने झाकलेले दोन पाव मांडतात. सूर्यास्तापूर्वी गृहिणी दिवे लावते आणि डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणते. मग सारे कुटुंब मेजाभोवती जमते. परंतु अन्नाला कोणी हात लावीत नाही. प्रथम गाणे होते. त्या गाण्यात देवदूतांचे स्वागत केलेले असते, त्यांच्याकडे आशीर्वाद मागितलेला असतो आणि अखेरीस त्यांना निरोपही दिलेला असतो. गाणे संपल्यावर द्राक्षरसावर व पावावर आशीर्वाद म्हणतात आणि भोजनास आरंभ होतो.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतच्या काळाला यहुदी लोक 'शब्बाथ' म्हणतात. हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस होय. या दिवशी तीन वेळा भोजन करावे असा त्यांच्या धर्माचा दंडक आहे. त्या भोजनांच्या वेळी म्हणावयाच्या गीतांना 'जमिरोथ' असे नाव आहे.

जेवण आणि ईशस्तवन यांची अशी सांगड का घातली गेली? याचे उत्तर इतिहासात सापडते. प्राचीन काळी यरुशलेम नगरीत यहुद्यांचे एक भव्य मंदिर होते. तेथील वेदीवर देवाला बली अर्पण करीत आणि त्या वेळी लेवी कुळातील गायक स्तोत्रे गात. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले. वेदी गेली, गायकांचे व्यासपीठ गेले. पुढे यहुदी लोक देशोदेशी पांगले. मंदिरावाचून देवाची उपासना करावयाची कशी, असा बिकट प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तेव्हा त्यांच्या धर्मपंडितांनी सांगितले, की आता माणसाचे भोजनाचे मेज हीच त्याची वेदी होय. वेदीवरील बलीला मीठ लावीत असत, म्हणून पावाचा तुकडाही मिठाला लावून खाण्याची चाल आहे. वेदीची जागा मेजाने घेतली, तसे लेवी गायकांचे काम घरातील लहानथोरांकडे आले. ज्या मेजाभोवती धर्मवचने बोलली जातात, ते देवाचेच मेज, असे त्यांचे जुने ग्रंथ सांगतात.

या गीतांचे कर्ते निरनिराळ्या देशांत होऊन गेले. दुनाश बेन लाब्रात हा दहाव्या शतकात स्पेनमध्ये नावारूपास आलेला कवी आणि व्याकरणकार होता. इस्राएल नजारा हा सोळाव्या शतकात जन्मलेला कवी, तुर्की साम्राज्यात राहणारा. लोकांच्या ओठांवर असलेल्या तुर्की व अरबी गाण्यांच्या चाली घेऊन त्याने त्यांवर ईश्वरस्तुतीची पदे रचली. आपले संतकवी अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. हे कवी आपले नाव कडव्यांच्या आद्याक्षरांत लपवीत. नजाराच्या एका प्रसिद्ध भोजनगीताला पाच कडवी आहेत आणि त्यांची पहिली अक्षरे जुळविली, की 'इस्राएल' हे हिब्रू लिपीतील पाच अक्षरी नाव तयार होते!

शब्बाथचे तिसरे भोजन शनिवारी दिवस कलताना होते. जुन्या रीतीने चालणाऱ्या घरांत शब्बाथच्या दिवशी अग्नी पेटवीत नाहीत, लिहीत नाहीत, वाद्यही वाजवीत नाहीत. संधिप्रकाश हळूहळू मावळतो. मेजाभोवतीची माणसे एकमेकांना अंधुक दिसू लागतात. माणसाचा कंठ तेवढा मोकळा असतो. अशा वेळी संथ, आर्त सुरांची गीते म्हणतात. पवित्र दिवस निघून चालला, त्याला आणखी क्षणभर थांबवून धरावे, असा भाव त्या सुरांत असतो. तारे दिसल्यावर शब्बाथला निरोप देतात आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याचे गीत गातात. हा संदेष्टा एके दिवशी शुभवार्ता घेऊन येईल, अशी त्यांची श्रद्धा आहे.

वल्हांडण सणाच्या रात्रीचे भोजन तर मुलांसाठीच योजले आहे की काय, असे वाटते. यहुद्यांचे पूर्वज मिसर देशात फारो राजाच्या दास्यात होते. मोशेच्या नेतृत्वाखाली देवाने त्यांची सुटका केली. तिची आठवण या रात्री करतात. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का, हे घरातील सर्वांत लहान मूल गाऊन विचारते आणि वडीलमंडळी 'हगादा' नावाच्या ग्रंथातून उत्तर देतात. देवाचे उपकार एकेक करून मोजणारे एक गीत सर्वजण मिळून म्हणतात. जेवणाच्या आधी आणि नंतर बायबलातील स्तुतीची स्तोत्रे गातात. रात्र चढते, मुलांचे डोळे मिटू लागतात. त्यांना जागे ठेवावयास शेवटी एक गमतीचे साखळीगीत येते. वडिलांनी दोन नाण्यांना घेतलेले करडू मांजर खाते, मांजराला कुत्रा चावतो, कुत्र्याला काठी मारते, काठीला विस्तव जाळतो, आणि अशी ही साखळी थेट मृत्यूच्या दूतापर्यंत जाते. अखेर त्या दूतालाही परमेश्वर शासन करतो. प्राग शहरी १५९० मध्ये छापलेल्या हगादात हे गीत आढळते. बलवानाहून बलवान असतो आणि सर्वांवर न्यायाधीश असतो, हा धडा मुले हसतखेळत शिकतात.

या गीतांचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत पोहोचला आहे. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल लोक यहुदीच होत. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. स्वधर्मीयांपासून दूर पडल्यामुळे हिब्रू भाषा त्यांच्या विस्मरणात गेली. मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली. तरीही शब्बाथ त्यांनी सोडला नाही. पुढे १८४६ मध्ये मुंबईत व १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला. पुण्याच्या हगादातील चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात.

नवस फेडताना किंवा लग्नासारख्या मंगल प्रसंगी बेने इस्राएल 'मलिदा' करतात. भिजविलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडे व सुकामेवा घालून ताट भरतात आणि त्याभोवती फळे मांडतात. मग एलियाहू हन्नाबीचे गीत गातात, आशीर्वाद म्हणतात आणि प्रसाद वाटतात. ताटातले पोहे आणि खोबरे कोकणचे. पण ओठांवर येते ते दूरदेशीचे यहुदी ज्याची आळवणी करतात, त्याच संदेष्ट्याचे नाव. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. मलिद्याची चालही त्यांच्याबरोबर गेली.

दगडी मंदिर शत्रूला पाडता आले. परंतु बापाने मुलाला जेवताना शिकविलेले गाणे पाडावयास शत्रूजवळ शस्त्र नव्हते. आजही शुक्रवारी दिवे लागतात, मेजाभोवती माणसे जमतात आणि आजोबांनी सुरू केलेले पद नातवंडे पूर्ण करतात.

स्वाध्याय

१. यहुदी लोक भोजनाच्या मेजाला वेदी का मानू लागले?
२. शब्बाथच्या तिसऱ्या भोजनाच्या वेळचे दृश्य स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. वल्हांडणाच्या रात्री मुलांचा सहभाग कसा असतो?
४. मलिद्यात कोकणातले काय आहे व यहुदी परंपरेतले काय आहे, ते सांगा.
५. 'संधिप्रकाश', 'आद्याक्षर', 'ईशस्तवन' या समासांचा विग्रह करा.
६. तुमच्या घरी सणावाराला म्हटले जाणारे एखादे गीत वडीलधाऱ्यांकडून ऐका, त्याचा अर्थ विचारून घ्या व वर्गात सांगा.